सतरावा रकाना

ह्या घराण्यानं भरलेला एकही अर्ज आजवर परत आलेला नाही. कचेरीसमोरच्या दुकानावर, हिरव्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत हे वाक्य गेली बासष्ट वर्षं लिहिलेलं आहे, आणि तीन पिढ्या त्याखालून मान ताठ ठेवून ये-जा करत आल्या आहेत. पाटी थोरल्या अर्जनविसांनी रंगवून घेतली होती. दुकान उघडलं त्या दिवशी सकाळी, पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधी, ती टांगली गेली. त्या क्षणी तरी तिच्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं.

लोकांचे अर्ज भरून देणं हा घरचा धंदा. थोरल्यांचा सिद्धान्त असा, की रिकामा रकाना म्हणजे सताड उघडं दार. साहेबाला नाही म्हणायचं असलं की तो तिथूनच आत शिरतो. म्हणून त्यांनी आयुष्यात एकही रकाना मोकळा सोडला नाही. ज्यांना जन्मतारीख ठाऊक नव्हती त्यांना त्यांनी एक मार्च दिली. आजही एक मार्चला गावातले निम्मे म्हातारे एकमेकांना शुभेच्छा देतात आणि ह्या योगायोगाचं नवल करतात. 'छंद' ह्या रकान्यात ते सरसकट 'सुलेखन' लिहीत. अंगठा उठवणाऱ्यांच्या अर्जातसुद्धा.

थोरले गेले, टेबल त्यांच्या मुलाकडे, दादाकडे आलं. टेबलाबरोबर सिद्धान्तही आला.

त्या शनिवारी दुपारी दोन वाजता आत्या कामावरून परतली, ती घरात न जाता थेट दुकानात शिरली. ती दादाची धाकटी बहीण, वरच्या खोलीत राहणारी. पॅथॉलॉजी लॅबसाठी घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घेणं हे तिचं काम. बाहेर रक्त काढायचं आणि घरी येऊन प्यायचं, असं त्या कामाचं वर्णन वहिनी, म्हणजे दादाची बायको, करायची. अर्थात आत्या वर गेल्यावर. आज मात्र आत्याच्या हातातली नमुन्यांची निळी पेटी अजून खाली ठेवलेली नव्हती आणि आवाज आधीच वर गेला होता.

"हे काय आहे?"

"अर्ज," दादा म्हणाला.

टेबलावर मोठा कागद पसरला होता. त्यावर पट्टीनं आखलेले चोवीस रकाने, आणि एक सोडून बाकीचे सगळे दादाच्या वळणदार अक्षरांनी भरलेले. बाजूला कॉम्प्युटर सुरू होता, त्याच्या पडद्यावर तेच चोवीस रकाने होते. अर्ज कॉम्प्युटरवरून पाठवायचे दिवस आले तरी दादा आधी कागदावर भरायचा. मग त्याची धाकटी भावजय तो बघून टाइप करायची. गेली अठरा वर्षं दादाचे शब्द आणि धाकटीची बोटं अशी ही व्यवस्था बिनतक्रार चालली होती.

अर्ज होता धाकटीच्या मुलीचा, खडीचा. चौथ्या वर्षापासून खिशात दगडगोटे भरून घरी आणणाऱ्या मुलीला दुसरं काय नाव पडणार? आता अठराव्या वर्षी तिला भूगर्भशास्त्र शिकायचं होतं, तेही नऊ तासांच्या अंतरावरच्या कॉलेजात. "दगड शिकायला एवढ्या लांब कशाला? घरात काय कमी आहेत?" असं वहिनी म्हणाली होती, आणि म्हणताना तिनं आपल्या नवऱ्याकडे पाहिलं होतं.

त्या कॉलेजात प्रवेशाच्या दोन फेऱ्या असत. चाळीस जागांपैकी तीस आगाऊ फेरीतच भरत. उरलेल्या दहांवर पुढे सगळं जग तुटून पडे. आगाऊ फेरीची मुदत आज संध्याकाळी पाचला संपत होती. आणि त्या फेरीलाही लागणाऱ्या सामायिक चाचणीचे गुण जाहीर होणार होते नऊ दिवसांनी. हे वेळापत्रक ज्यानं कुणी आखलं, त्याला आधी आंघोळ करून मग पाणी तापवायची सवय असावी.

"सकाळी नऊलाच पाठवायचा ठरला होता ना?" आत्यानं विचारलं.

"सतरावा रकाना राहिलाय," धाकटी पडद्याकडे बघत म्हणाली. "चाचणीचे गुण."

"ते तर आलेच नाहीत."

"म्हणूनच राहिलाय," दादा म्हणाला. "आणि सतरा रिकामा ठेवून अर्ज माझ्या टेबलावरून उठणार नाही."

"दादा, त्यांनीच खाली पर्याय दिलाय," धाकटी म्हणाली. "'गुण प्रतीक्षेत.' नुसती टिचकी मारायची."

"पर्याय हा सापळा असतो. साठ टक्के अर्ज पर्यायात मरतात."

"हा साठचा आकडा कुठला?" आत्यानं विचारलं.

"अनुभवाचा."

कोपऱ्यातल्या बाकावर खडीचा बाप बसला होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि घरात त्याचं वागणंही धंद्याला धरून होतं: जो बटण दाबेल त्याच्या मजल्यावर जाऊन उभा राहायचा. "दोन्हीत तथ्य आहे," तो म्हणाला.

"तू गप रे," दादा आणि आत्या एकदमच म्हणाले. त्या दिवशी दोघांचं एकमत झालं ते एवढ्यावरच.

मग दादानं तोडगा सांगितला. अपेक्षित गुण लिहायचे. चाचणी चारशेची. तीनशे वीस लिहिले तर गोल आकड्याचा संशय येतो. तीनशे दहाचंही तेच. "तीनशे सतरा," तो पेन उचलत म्हणाला. "खोटं बोलायला कुणी तीनशे सतरा निवडत नाही."

"तू निवडलेस की आत्ता!"

"अहो, दोनशे ऐंशी घाला," आतल्या दारातून वहिनी म्हणाली. "जास्त पडले तर कौतुक, कमी पडले तर फार उंचावरून पडायचं नाही."

"दोनशे ऐंशीत तीस जणांत नंबर लागेल?"

"मग तीनशे लिहा, म्हणजे तुमचंही नाही आणि माझंही नाही."

"तीनशे गोल आहे!"

आत्यानं पेटी खाली ठेवली. भांडताना तिला दोन्ही हात मोकळे लागत. "बाजारात भाव करताय का? खाली काय लिहिलंय ते वाच. मोठ्यानं वाच, तुला सवय आहे ना लोकांना वाचून दाखवायची? 'माहिती असत्य आढळल्यास अर्ज रद्द.' नऊ दिवसांनी पोरीचे दोनशे नव्वद आले, की कुणाचा अर्ज रद्द होणार? तुझा?"

"एक मार्चवाले किती रद्द झाले?" दादानं शांतपणे विचारलं. "आहेत सगळे मजेत."

"एक मार्च तपासायला कुणी नव्हतं! इथे नऊ दिवसांत तपासणार आहेत, आणि तपासणारे तेच आहेत ज्यांना तू पाठवतोयस!"

"मग नऊ दिवस थांबू. गुण येऊ देत. सर्वसाधारण फेरी आहेच."

हे वाक्य त्यानं उच्चारायला नको होतं. 'गुण येऊ देत' हे शब्द कानावर पडताच वहिनी वळली आणि तिनं चहाचं आधण ठेवलं. एकतीस वर्षांपूर्वीच्या त्या अर्जाचा विषय निघाला की आत्याला बरोबर आठ मिनिटं लागतात, आणि चहालाही तेवढीच.

"एकतीस वर्षं झाली," आत्या म्हणाली. "ह्याच टेबलावर माझा अर्ज होता. औषधशास्त्राचा. तेव्हाही तू हेच म्हणालास, गुण येऊ देत. मी रोज विचारायची, दादा, अर्ज गेला का? तू म्हणायचास, बघतो. गुण आले. चांगले आले. आणि तोवर मुदत कुठे होती? गेली! वर्गातल्या दोन मुली गेल्या, माझ्यापेक्षा कमी गुणांच्या. त्यातली एक आज औषधांच्या कारखान्यात साहेब आहे. आणि मी काय करते? सकाळी सहाला लोकांच्या दंडाला रबर बांधते आणि म्हणते, मूठ मिटा. एकतीस वर्षं लोकांच्या मुठी मिटतेय मी!"

पुढचं घरातल्या सगळ्यांना पाठ होतं. धाकटीनं तेवढ्या वेळात 'वडिलांचा व्यवसाय' हा रकाना तपासून घेतला. लिफ्टवाल्यानं योग्य त्या तीन ठिकाणी मान हलवली. ह्या अर्जाच्या जोरावर आत्यानं ह्या घरात पुष्कळ काही मिळवलं होतं. घराची वाटणी होऊन मधे प्लायवुडची भिंत उभी राहिली तेव्हा वरची एकुलती हवेशीर खोली तिला मिळाली, ती ह्याच अर्जामुळे. आणि दादा बाकी कुणालाही बोलू न देणारा माणूस असून तिच्यापुढे ऐकून घ्यायचा, तेही ह्याचमुळे.

भाषण संपलं, की दादा नेहमी एकच वाक्य म्हणायचा. तेच त्यानं आजही म्हटलं.

"तो अर्ज गेला नाही. विषय संपला."

फक्त आज ते म्हणताना त्याचे कान लाल झाले आणि शाईच्या पॅडची कड टेबलाच्या कडेला समांतर नव्हती, ती त्यानं उगाचच समांतर केली. आत्याला वाटलं, एकतीस वर्षांनी का होईना, लाज वाटायला लागली.

चहा आला. चहा पिऊन झाल्यावर सगळे पुन्हा भांडायला बसले.

साडेतीनला दादा उठून मागच्या लोखंडी कपाटाकडे गेला आणि खडीचा जन्मदाखला घेऊन आला. त्यावरचा क्रमांक नवव्या रकान्यातल्या क्रमांकाशी पुन्हा ताडून बघायचा होता. घरातल्या प्रत्येक माणसाची एकेक फाइल त्या कपाटात होती. किल्ली दादाच्या खिशात. कपाटाला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्याला चालायचा नाही. हवा तो कागद तो स्वतः काढून द्यायचा आणि स्वतः परत ठेवायचा.

चार वाजता त्यानं कागदावर सतराव्या रकान्यात शाईनं तीनशे सतरा लिहिलं, टिपकागद दाबला आणि कागद धाकटीपुढे सरकवला.

"घाल."

धाकटीनं कीबोर्डवरची बोटं उचलली आणि मांडीवर ठेवली.

"नाही."

"काय नाही?"

"दादा, अठरा वर्षं तुम्ही सांगितलंत ते मी टाइप केलं. त्या शिवणकामवाल्या बाईच्या अर्जात तुम्ही तिचा नवरा वारलाय असं लिहिलंत, आणि तो बाहेर सायकल धरून उभा होता. मी टाइप केलं. नंतर त्यालाच पोचपावती दिली. पण ही माझी मुलगी आहे. हिच्या अर्जात हा आकडा मी नाही टाइप करणार."

बाहेर कचेरीच्या फाटकाला कुलूप लावल्याचा आवाज आला. शनिवारी ती लवकर बंद व्हायची.

"ऐकलंस?" दादा बायकोकडे वळला. "आपल्याच टेबलावर बसून!"

वहिनी कप गोळा करत होती. ती चाळीस वर्षं नवऱ्याच्या बाजूनं बोलत आलेली बाई होती. त्याचं पटायचं म्हणून नव्हे, तर नणंदेच्या बाजूनं बोलावं लागू नये म्हणून. तिनं कप तसेच हातात धरले.

"माझा वाढदिवस एक मार्चला नसतो," ती म्हणाली.

"त्याचा इथे काय संबंध?"

"आई म्हणायची, मी उन्हाळा सरताना झाले. घरात आंबट वास होता म्हणे, कशाचा तरी, आणि बाहेर पहिली गार झुळूक आली, तेव्हा. लग्नाची नोंद करताना मी तुम्हाला सांगितलं होतं, तारीख माहीत नाही पण उन्हाळा सरताना. तुम्ही म्हणालात, रकान्यात उन्हाळा बसत नाही. चाळीस वर्षं मला मार्चात शुभेच्छा देताय. मी दर वर्षी म्हणते, थँक्यू." तिनं कप ट्रेमध्ये आपटले. त्यातल्या एकाचा कान तुटला, तिकडे तिनं बघितलंही नाही. "तीनशे सतरा नको. दोनशे ऐंशीही नको. पोरीला जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणून लिहा."

आत्या तिच्याकडे बघतच राहिली. ह्या बाईची बाजू घ्यावी लागेल अशी वेळ आयुष्यात येईल, ह्याची तिनं काहीच तयारी केली नव्हती.

"वहिनी, तुम्ही कधी बोलला नाहीत," ती म्हणाली.

"बोलायला जागा कुठे असते, वन्सं? आठ मिनिटं तुमची, बाकीचा वेळ ह्यांचा."

दादा उठला. "सरका," तो धाकटीला म्हणाला, आणि तिच्या खुर्चीवर जाऊन बसला. आयुष्यात प्रथमच कीबोर्डपुढे बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जी धीरगंभीरता असते ती त्याच्या चेहऱ्यावर होती. एका बोटानं तो तीन शोधू लागला. तीन सापडला. एकाला थोडा वेळ लागला, कारण तो भलतीकडे शोधत होता. सात आला. ह्यात चार मिनिटं गेली. आत्या त्याच्या डोक्यावर उभी राहून बोलत होती आणि तो ऐकत नव्हता. मग त्यानं सगळ्यात खालचं 'अर्ज सादर करा' हे मोठं निळं बटण शोधून त्यावर टिचकी मारली.

पडदा क्षणभर पांढरा झाला. मग त्यावर एक चौकट आली.

'अर्जदाराच्या मोबाइलवर पाठवलेला सहा आकडी क्रमांक टाका.'

सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"अर्जदार कुठंय?" लिफ्टवाल्यानं विचारलं. त्या दुपारी विचारला गेलेला हा पहिलाच मुद्द्याचा प्रश्न होता.

"मी इथेच आहे," प्लायवुडच्या भिंतीपलीकडून आवाज आला. "सकाळपासून."

दार उघडून खडी आत आली. हातात मोबाइल होता, नखांत मातीच्या रेघा होत्या. ती कुणाकडेही न बघता सरळ पडद्यापाशी गेली, 'मागे' ह्या शब्दावर टिचकी मारली आणि अर्ज वरपासून वाचू लागली. दादा खुर्चीवरून उठला. का उठला ते त्यालाही कळलं नाही.

"'छंद: सुलेखन'?" खडी म्हणाली. "माझं अक्षर मलाच दोन दिवसांनी वाचता येत नाही."

"चांगलं दिसतं ते," दादा म्हणाला.

"'विशेष गुण: वडीलधाऱ्यांबद्दल आदर.' हा रकानाच नाहीये मोठे काका! तुम्ही हे 'इतर माहिती'त घातलंय!" तिनं ते पुसलं. सुलेखन पुसलं. मग ती सतराव्या रकान्यापाशी थांबली. "तीनशे सतरा."

"अंदाजे," दादा म्हणाला.

"कुणाच्या अंदाजे? तीन तास मी भिंतीपलीकडे बसून ऐकतेय. तीनशे सतरा, दोनशे ऐंशी, तीनशे. लिलाव चाललाय माझा. परीक्षेला कोण बसलं होतं? मी ना? मग एकानं तरी भिंतीवर टकटक करून विचारलंत, तुला किती पडतील असं वाटतं?"

"किती पडतील गं?" वहिनीनं लगेच विचारलं.

"माहीत नाही! म्हणून तर ते निकाल लावतात!"

ह्या वाक्यावर घराण्याच्या सिद्धान्तात उत्तर नव्हतं.

"आणि माहीत आहे तेवढं सांगते," खडी म्हणाली. "शेवटचे चौदा प्रश्न मी पाहिलेसुद्धा नाहीत. वेळ संपला. अडीचशे आले तरी खूप. सर्वसाधारण फेरीत नुसता आकडा बघतात, तिथे माझं काहीही होणार नाही. ह्या फेरीत आकड्याबरोबर आपण लिहिलेलं पान वाचतात. मी नदीच्या वळणावरच्या एका दगडावर लिहिलंय, दोन महिने लिहिलंय. माझ्याकडे तेवढंच आहे. आणि त्याच्यावर तुम्ही तीनशे सतरा नावाचं खोटं ठेवणार होतात."

"बघ!" आत्या दादाकडे वळली. "बघितलंस? हेच मी दोन वाजल्यापासून..."

"आत्या, तूसुद्धा," खडी म्हणाली. "तू माझ्यासाठी भांडत होतीस की तुझ्या अर्जासाठी?"

"दोन्ही एकच आहे, बाळा."

"नाहीये. माझ्या अर्जात औषधशास्त्र नाहीये."

आत्याला हे इंजेक्शनसारखं लागलं. आणि लागण्याची तिला सवय नव्हती. ती नेहमी सुईच्या दुसऱ्या बाजूला असायची.

खडीनं तीनशे सतरा पुसलं. खालच्या बारीक वर्तुळावर टिचकी मारली. 'गुण प्रतीक्षेत.' तीन तासांचं काम एका सेकंदात झालं. तिनं अर्ज पुन्हा सादर केला आणि आपल्या मोबाइलवर आलेला सहा आकडी क्रमांक टाकला. पडद्यावर आणखी एक चौकट आली: पालकाची संमती. लिफ्टवाल्याच्या खिशात मोबाइल वाजला.

चार पंचेचाळीस झाले होते.

"देऊ नकोस," दादा म्हणाला. फार मोठ्यानं नव्हे. "मी सांगतोय. ह्या टेबलावरून अर्धवट अर्ज गेलेला नाही. बासष्ट वर्षं. ती पाटी मी काय म्हणून ठेवू मग?"

सगळ्यांच्या नजरा बाकाकडे गेल्या. लिफ्टवाल्यानं मोबाइल हातात धरला होता आणि तो त्याकडे अशा नजरेनं पाहत होता, जणू वायर कापायची आहे आणि कुठली ते ठाऊक नाही. अठरा वर्षांनी मोठ्या असलेल्या ह्या भावानंच त्याला वाढवलं होतं. त्याच्या नोकरीचा अर्जही दादानंच भरला होता, छंद, सुलेखन. खडी बापाकडे बघत नव्हती. तिनं खिशातला कसलासा खडा काढून मुठीत घट्ट धरला होता.

"दादा," लिफ्टवाला म्हणाला, "दोन मजल्यांच्या मधे लिफ्ट अडकली तर दार उघडायचं नाही, असा नियम आहे."

"तेच म्हणतोय मी."

"पण आत माणूस असेल तर उघडावंच लागतं. तोही नियमच आहे." आणि त्यानं क्रमांक वाचून दाखवला. एकेक आकडा, स्पष्ट, सहाच्या सहा.

धाकटीनं ते आकडे टाइप केले. हे मात्र तिनं केलं.

'आपला अर्ज प्राप्त झाला आहे. गुण प्राप्त होताच कळवावेत.' चार अठ्ठेचाळीस.

खडी खुर्चीत बसली आणि रडली. मग रडताना सगळे बघताहेत म्हणून चिडली आणि चिडून आत निघून गेली. धाकटी तिच्या मागोमाग गेली. वहिनी तुटलेला कान शोधायला टेबलाखाली वाकली. लिफ्टवाला तिला मदत करायला वाकला, कारण वर तोंड करून बसायची त्याच्यात ताकद उरली नव्हती.

दादा आपल्या जागेवर बसून होता. पुढ्यात तो पट्टीनं आखलेला कागद. एरवी गिऱ्हाइकाच्या अर्जावर जिथे सही करायची तिथे तो पेन्सिलीनं बारीक फुली मारायचा आणि सही झाली की खोडरबरानं ती पुसून टाकायचा. ह्या कागदावर फुली नव्हती. कॉम्प्युटरवरच्या अर्जाला कुठे सही असते, असं तो सकाळी म्हणाला होता.

आत्याला हा क्षण सोडवेना. "एका टिचकीत झालं," ती म्हणाली. "'प्रतीक्षेत.' बस्स. तेव्हाही माझ्या अर्जावर हे एवढंच लिहिता आलं असतं. एक शब्द! तेवढ्यासाठी तू माझं आयुष्य..."

"गुणांमुळे नव्हे..." दादा म्हणाला, आणि थांबला.

"काय?"

"काही नाही. तो अर्ज गेला नाही. विषय संपला."

"विषय आज संपला!" आत्या म्हणाली. तिनं टेबलावरचा खडीचा जन्मदाखला उचलला. काहीतरी आवरायला घेतल्याशिवाय तिचा राग उतरत नसे. "कुठे ठेवायचा हा?"

"राहू दे. मी ठेवतो."

"बस तू. पुष्कळ केलंस आज."

कपाटाची किल्ली साडेतीनपासून दारालाच लटकत होती. दादा अर्धवट उठला; मग त्याला गुडघ्यानं धरलं की आणखी कशानं कोण जाणे, तो पुन्हा खाली बसला.

आत फाइली वयानुसार लावलेल्या होत्या. डावीकडून थोरले, दादा, वहिनी, मग आत्या, लिफ्टवाला, धाकटी, शेवटी खडी. खडीची फाइल खेचताना शेजारपाजारच्या दोन-तीन घसरल्या आणि आत्याची तिच्या पायांशी पडली. फाइलीवर दादाच्या अक्षरात तिचं नाव होतं. इतक्या वर्षांत ती तिनं कधी हातात धरली नव्हती. ती उचलताना आतून जाड पिवळट पाकीट बाहेर आलं.

पाकिटावर कॉलेजचा छापील पत्ता होता, औषधशास्त्राच्या कॉलेजचा. पोस्टाचे शिक्के दोन होते, एक जाण्याचा, एक येण्याचा.

आत तिचा अर्ज होता. एकतीस वर्षांपूर्वीचं दादाचं अक्षर आजच्यापेक्षा थोडं तिरपं होतं. सगळे रकाने भरलेले होते. छंद, सुलेखन. गुणांच्या रकान्यात त्यानं स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'निकाल प्रतीक्षेत'. शेवटच्या पानाच्या तळाशी, उजव्या कोपऱ्यात, पेन्सिलीची बारीक फुली होती. कुणी ती पुसलेली नव्हती. फुलीच्या पुढे कोरा कागद होता.

पानाला टाचणीनं एक चिठ्ठी लावली होती. टाचणी गंजून कागदात रुतली होती. चिठ्ठीवर तारीख होती, शेवटच्या तारखेच्या अकरा दिवस आधीची, आणि कुणा कारकुनाच्या सरळ, बेफिकीर अक्षरात दोन ओळी होत्या.

'गुण निकालानंतर कळवले तरी चालतील. अर्जदाराची सही राहिली आहे, ती घेऊन अर्ज पुन्हा पाठवावा.'